लालसर झाक

"ही कडी कधी बदललीत?" गुणाजी परबांनी विचारलं.

"कोण बदलणार?" राजेश टाकीवर वाकलेली मान न वळवता म्हणाला. "तीच आहे काका. रतनची."

साकीनाक्याच्या त्या प्लेटिंगच्या गाळ्यात भिंतीवर एक कडी तारेने टांगलेली होती. मनोरीच्या होड्यांसाठी केलेल्या मालातली; काम कसं करू नये, याचा नमुना. दोन वर्षांपूर्वी गुणाजींना तिच्यात लालसर झाक दिसली होती. टाकीत तांबं आणि निकेल एकत्र सोडलं, की तांबं लग्नातल्या आगाऊ पाहुण्यासारखं पहिल्या पंगतीला बसतं. निकेलला पाट उरत नाही. म्हणून तांबं मोजून घालायचं. जास्त पडलं, की रुपेरी माल लाल मारतो. मोजायचं काम रतनकडे होतं, लाल ओळखायचं गुणाजींकडे. गाळ्यात तपासणीचं यंत्र नव्हतं. गुणाजींची नजर होती. त्या नजरेने अख्खा माल बाद केला, आणि शेठने रतनला.

आज, मोतीबिंदू काढून महिना झाल्यावर, कडी पांढरीस्वच्छ होती.

"तुला ही तेव्हा कशी दिसायची रे?"

"पांढरी."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही लाल म्हणालात ना! म्हटलं, अनुभवी माणसाला दिसत असेल."

गुणाजी अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाले. वाटेत पाव किलो पेढे घेतले. माफी मागायला पेढे चालतात का, हे दुकानदाराला विचारायचा धीर झाला नाही.

रतन आता असल्फ्याला पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटत होती.

"पेढे कसले काका? नातू झाला?"

"अगं, ती कडी... पांढरीच होती. माझाच डोळा खराब. तुझी चूक नव्हती."

लाटणं थांबलं.

"नव्हती?"

"नाय गो."

"दोन वर्षं मी भाजीतलं मीठपण दोनदा मोजते. पोरं हसतात मला." तिने पिठाचे हात पदराला पुसले. "शेठला सांगितलंत?"

गुणाजींनी रस्त्याकडे पाहिलं. निवृत्तीला आठ महिने उरले होते, आणि त्यांच्याकडे विकण्यासारखी ती एक नजरच होती.

"सांगतो की."

"आत्ता सांगा. मला ऐकू दे."

त्यांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"अरेरे," हर्षदशेठ म्हणाले. "वयानं होतं असं, काका. बिलकुल टेन्शन घेऊ नका. तुमची नोकरी पक्की."

"माझी नाही शेठ. रतनची..."

"कोण रतन?... हां हां, ती. जुनी गोष्ट झाली ना! तुम्ही डोळ्यात थेंब घालता ना वेळेवर?"

रतनने पेढ्यांचा पुडा उचलून परत गुणाजींच्या हातात ठेवला.

"बाजूला व्हा काका. गिऱ्हाईक उभं आहे."

गुणाजी पायरी उतरले. फोनमधून शेठ अजून त्यांची काळजी घेत होते.