पाचवी मूठ

पोरांना शहाणं करायचं काम माझ्याकडे आलं, त्यात माझा काही दोष नाही. पुण्याच्या एका कॉलेजानं त्रेचाळीसच्या श्रावणात तीन विद्यार्थी ग्रामसेवेसाठी साक्री तालुक्यात धाडले आणि त्यांना गावात शिरण्याआधी दोन शब्द सांगायला कोणी जाणता माणूस हवा म्हणून मला बोलावलं. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस दोन शब्दांत आटपेल असं ज्याला वाटलं, तो माणूस मला भेटलेला नसावा.

गाव बोरदरी. डोंगराच्या पायथ्याशी साठ-सत्तर उंबरे. खालच्या दोन गावांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागलेली, आणि डॉक्टर बोरदरीत टोचायला यायचे होते. औषधाची बाटली एकदा फोडली की ठेवता येत नाही, म्हणून त्यांनी आधी घरोघरची माणसं नावानिशी लिहून मागितली होती. पोरांची सेवा ती एवढीच. वाटतं सोपं.

चावडीच्या ओट्यावर तिघांना बसवलं. लीलाधर खादीत, मोठा आवाज, बोलायला लागला की समोर सभा नसली तरी त्याला दिसायची. भटू एरंडोलचा, म्हणजे इकडचाच पोरगा, सदा भुकेला. तिसरा रतिलाल, धुळ्याच्या कापूसवाल्याचा मुलगा म्हणे. तो बोलत नव्हता. लिहीत होता. मी खोकलो तरी याची पेन्सिल हलायची.

"पहिली गोष्ट," मी म्हणालो, "दारात उभं राहून 'घरात माणसं किती' असं विचारायचं नाही."

"मग मोजायचं कसं, नाना?" लीलाधर.

"ऐक. अकरा साली एक मोजणीदार आला होता या भागात. हुशार माणूस. सकाळी एकशे त्र्याहत्तर डोकी मोजली आणि दुपारी विहिरीचं पाणी बरोबर एकशे त्र्याहत्तर घागरींनी उतरलं. गावानं त्याला धरला, पारावर बसवला आणि उलटं मोजायला लावलं. एकशे त्र्याहत्तर, एकशे बहात्तर, असं पार शून्यापर्यंत. शून्यावर आला तेव्हा पाणी काठाला लागलं. पण तो बिचारा पुढं जन्मभर बायकोला हाक मारताना आधी दोन म्हणायचा, मग एक."

भटू पोट धरून हसला. रतिलालनं विचारलं, "एकशे त्र्याहत्तर का बहात्तर?"

तेव्हाच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली. थापेतला आकडा कोणी पडताळून घेत नाही. घेतो तो एकतर येडा, नाहीतर पोलिसांचा. बेचाळीसच्या चळवळीपासून वर्षभर हवाच तशी होती. तारा तुटल्या होत्या, पोरं फरारी होती, आणि नवा माणूस दिसला की गाव आधी त्याच्या पायांकडे बघायचं. रतिलालच्या पायांत बूट होते.

मोजणी सुरू झाली आणि बोरदरी ओस पडायला लागली. सुईच्या भीतीनं ज्याच्या घरी नऊ ताटं लागायची तो सांगे, "तीन." एकानं तर "मी बी आठे ऱ्हात नही" असं स्वतःच्या उंबऱ्यात बसून सांगितलं. दोन दिवसांत लीलाधरच्या वहीत साठ घरांची शंभर माणसं झाली. वच्छलाबाईनं चार सांगितली: ती, नवरा पुना, सासू धुरपदाबाई आणि सून सुगंधाबाई. त्यात मला काही खटकलं नाही. तिचा मुलगा भिकन माझ्या हाताखाली शिकलेला. तारा तोडल्याच्या वॉरंटवर तो वर्षापासून परागंदा होता आणि फौजदारानं त्यासाठी पुनाला दोनदा चौकीत बसवून ठेवलं होतं. चार म्हणजे चारच.

लीलाधर रडकुंडीला आला. "शंभराच्या हिशेबानं औषध आलं तर अर्धं गाव मरेल, नाना."

आता इथं मला हुशारी सुचली. हुशारी सुचली की मी गप्प बसावं, हे मला आज कळतं.

"रविवारी कानबाईचा सण आहे, इकडची घरोघरची देवी," मी म्हणालो. "शुक्रवारी घरोघर रोटाचे, तिच्या प्रसादाच्या जाड पोळीचे, गहू काढतील. घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ. जो त्या दिवशी घरात आहे आणि रोट खाणार आहे त्याचीच मूठ. परगावी असलेल्याची घेत नाहीत, कारण रोट घरच्यांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो. बाहेरच्याला त्याचा कण द्यायचा नाही, आणि उरला तर कानबाईचा कोप. सरकारला माणूस चार सांगेल, पाच सांगेल. कानबाईला बरोबर सांगतो. तुम्ही नुसतं ओट्यावर बसा, पाणी मागा आणि मुठी मोजा."

लीलाधरनं माझे पाय धरायचे बाकी ठेवले. रतिलालनं लिहून घेतलं.

शुक्रवारी तिघे तीन गल्ल्यांना गेले. मी रतिलालबरोबर निघालो. त्याला एकटं सोडायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं, कारण सकाळीच न्हाव्याच्या वनानं माझी दाढी अर्धी ठेवून कानात सांगितलं होतं, "नाना, हाऊ पोरगा पोलीसना शे. कोन कोठे झोपस ते बी इचारस."

"तुझी कशी खात्री?"

"मी त्यानी दाढी करी. गप बसना. दाढी करतांना गप बसनारा मानूस चांगला ऱ्हास का?"

पुनाच्या ओट्यावर आम्ही टेकलो. सुगंधाबाईनं पाणी दिलं. आत वच्छलाबाई न्हाऊन, ओल्या केसांनी सुपापुढे बसली होती. पाठ आमच्याकडे. तिनं गव्हाच्या पाटीत हात घातला आणि ओठातल्या ओठात नावं घेत मुठी टाकायला लागली. मूठ आणि वर चिमूट-चिमूट पाव. पुना. धुरपदाबाई. स्वतःची. सुगंधा.

मग हात पाटीतच थांबला.

तिनं मागं पाहिलं नाही. आम्ही तिथं आहोत हे तिला ठाऊक होतं. मला आतून वाटलं, बाई, ऊठ आता, सूप उचल. पण सुपाशेजारी कानबाईचा नारळ मांडलेला होता. नारळासमोर ती काय करणार? पाचवी मूठ पडली. आणि सवयीनं, एका श्वासाएवढं, नावही पडलं.

रतिलालची पेन्सिल हलली.

भिकन घरात होता. वैरणीच्या माळ्यावर असेल, नाहीतर धान्याच्या कणगीमागं. आणि त्याला शोधायची किल्ली मी, त्याच्या मास्तरानं, स्वतःच्या तोंडानं दिली होती.

वाटेत मी म्हणालो, "बाईची मूठ लहान आहे रे. ती एक जास्तीची घेते दरवर्षी."

रतिलाल चालता चालता म्हणाला, "नाना, तिथं खोटं चालत नाही असं तुम्हीच सांगितलं."

"मी पुष्कळ काही सांगतो. विहिरीचंही सांगितलं होतं."

"ते खोटं होतं हे मला कळलं होतं," तो म्हणाला. "हे खोटं नव्हतं." आणि वही खिशात घातली.

शनिवारी सकाळी तो डाकवाल्याला गाठून धुळ्याला एक पाकीट देताना मला दिसला. "घरी पत्र," म्हणाला. पाकीट जाड होतं. घरी कोणी एवढं लिहितो? मला तर चार ओळींच्या वर आईला काही सांगायचं सुचलं नाही कधी.

नावांची यादी सोमवारी, कानबाई नदीवर बोळवून झाली की, लीलाधर साक्रीला नेणार होता. डॉक्टर कचेरीत बसत आणि फौजदार त्यांच्या शेजारच्या खोलीत. मी दुपारीच वच्छलाबाईकडे गेलो. ती जात्यावर होती. मी सगळं सांगितलं, माझ्या हुशारीसकट. तिनं जातं थांबवलं नाही.

"भिकनला आजच डोंगरात घालव," मी म्हणालो. "आणि ती मूठ काढून टाक."

"दळाई गयी, नाना. आनि मूठ मांघे लेता येस नही. कानबाईले काय सांगू?"

"तो गेला तर तू म्हण, गेला."

"मंग त्याना वाटाना रोट कोन खाई?"

ती पीठ भरत राहिली. पुना दारात बसून दोरी वळत होता. तो म्हणाला, "वरीसभर पोरगं उपाशी फिरनं. रोट खाई आनि जाई, इतलंच म्हने. घरना रोट." आणि दोरी उलटी वळायला लागला. दोघंही माझ्याकडे पाहत नव्हते. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी भटू धावत आला. "नाना, वच्छलाबाईनं रतिलालला जेवायला बोलावलंय! एकट्याला!"

मी गेलो तेव्हा निम्मं गाव ओट्याबाहेर उभं होतं. कानबाईच्या दिवशी परका माणूस, आणि तोही बूटवाला, घरात. वना न्हावी हाताची घडी घालून उभा. "येडी व्हयनी बाई," म्हणाला. "पोलीसले रोट!"

आत कानबाई मांडलेली, फुलांत बुडालेली. पुनाच्या शेजारी एक पाट रिकामा होता. त्या पाटावर कोणाची जागा होती ते मला माहीत होतं. वच्छलाबाईनं रतिलालला तिथं बसवलं. पितळी ताट ठेवलं. रोट, खीर, गंगाफळाची भाजी. तिचे डोळे रात्रभर उघडे राहिल्यासारखे लाल होते, पण आवाज साफ होता.

"भाऊ, हाऊ रोट आमना घरनाच मानसे खातस. पाच मुठी काढ्यात, पाच मानसे पाहिजेत. पाचवा सकायमाच गया, आठून उपाशी गया. त्यानी मूठ मी तुले देस."

रतिलालनं ताटाकडे पाहिलं.

"खाधा म्हनजे तू घरना व्हयना," ती म्हणाली. "मंग घरनी गोट बाहेर जास नही. खावाना नही व्हई त आतेच ऊठ. मी रागावाव नही."

म्हातारी धुरपदाबाई भिंतीला टेकून त्याच्या तोंडाकडे एकटक पाहत होती. रतिलालचा हात ताटावर आला आणि तसाच राहिला. मी पुष्कळ माणसांना खोटं बोलण्याआधी पाहिलं आहे, आरशातही पाहिलं आहे. पण हा काय ठरवत होता ते मला कळलं नाही. उठेल असं वाटलं. एकदा त्यानं दाराकडे पाहिलंही.

मग त्यानं रोटाचा तुकडा मोडला.

सव्वा मुठीचा रोट म्हणजे थट्टा नाही. जाड, कोरडा, शहरी पोराच्या घशात अडकणारा. पुनानं न बोलता त्याच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला. शेवटचा घास गिळला तेव्हा रतिलालच्या डोळ्यांत पाणी होतं. रोटामुळं असेल. ताट धुऊन त्यानं वही काढली आणि सगळ्यांसमोर एक ओळ खोडली. मी मान लांब करून पाहिलं. पाचव्या जागी 'भिकन' खोडून 'रतिलाल' लिहिलं होतं.

वच्छलाबाई आत गेली आणि तेव्हा कुठं सुगंधाबाईच्या रडण्याचा आवाज आला.

मला मात्र शनिवारचं जाड पाकीट आठवत होतं.

बुधवारी डॉक्टर आले. त्यांच्याबरोबर फौजदारही आला. टोचायला फौजदार कशाला लागतो? तो सरळ पुनाच्या घरी गेला, दोन शिपाई वैरणीच्या माळ्यावर चढले, कणगीमागं काठ्या खुपसल्या. वैरण खाली आली, धूळ आली, मांजर आलं. भिकन नव्हता. नेमकं कुठं बघायचं हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, एवढं शेंबड्या पोराला कळलं असतं. गाव रतिलालकडे बघत होतं. तो नदीवरून आंघोळ करून येत होता, ओलं धोतर खांद्यावर.

डॉक्टरांनी यादी वाचली. पुना. वच्छलाबाई. धुरपदाबाई. सुगंधाबाई. चौघांना टोचलं आणि पाचव्या नावावर बोट ठेवलं.

"पाचवा कोण?" फौजदार पुढं आला. "या घरात चार माणसं. पाचवा कोण आहे?"

वच्छलाबाईनं पदर तोंडात धरला. ती कोणाकडेच पाहत नव्हती.

"मी," रतिलाल म्हणाला.

"तू कॉलेजचा."

"जेवतो इथं."

"जेवलास म्हणजे घरचा झालास?"

"या घरात तसंच आहे," असं म्हणून त्यानं बाही वर केली. पुण्याहून निघताना कॉलेजनं तिघांना टोचून धाडलं होतं, हे मला ठाऊक होतं. दंड अजून सुजलेला होता. त्यानं दुसरा पुढं केला.

फौजदारानं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. अनोळखी माणसाकडे पाहतात तसं नाही. हिशेब चुकल्यावर आपल्याच कारकुनाकडे पाहावं, तसं. रतिलालनं नजर खाली केली नाही. मग फौजदारानं शिपायांना हाक मारली आणि ती माणसं आल्या वाटेनं गेली.

मी रतिलालला ओट्याच्या कोपऱ्यात गाठलं. "खरं सांग. त्या पाकिटात काय होतं?"

तो दंड चोळत राहिला. "नाना, तुम्ही सांगाल त्या गोष्टी मी कधी विचारल्या का, खऱ्या की खोट्या?"

"आकडा विचारला होतास."

"मग तेवढाच विचारा."

वच्छलाबाई दारात आली. फौजदारानं विस्कटलेल्या वैरणीतून ती चालत आली होती, केसांत काड्या अडकल्या होत्या. तिनं रतिलालला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्यापेक्षाही संशयानं, आणि मग आत मान फिरवून पुनाला पाट मांडायला सांगितलं.

"अजून दीड रोट बाकी शे," ती त्याला म्हणाली. "पुनीव लगून सरी जावाले पाहिजे. चल, हात धुय."