तपासणीच्या दिवशीची सहल

"बाई, सावली सरकली," कुणीतरी म्हणालं, तशी झाडाखालची सगळी मुलं लोळतच सावलीमागे सरकली. नववीची शेवटची तुकडी होती ती. शाळेत तपासणी असली की तिची सहल निघायची. कच्ची मुलं साहेबांच्या नजरेला पडू नयेत, ही हेडसरांची युक्ती. झाकली मूठ सव्वा लाखाची. मुलांचं काय, सहल ती सहल.

बाई दरवर्षी शेवटच्या तुकडीला याच बागेत आणायच्या. कारंज्याच्या आवाजानं बाईंनाच आधी गुंगी यायची. मग अर्धवट झोपेत प्रयोगशाळा दिसायची. हीच मुलं निळ्या ज्योतीभोवती वाकलेली असायची आणि 'या तुकडीला प्रयोगांचं काय काम' असं कुणी म्हणत नसे. डोळे उघडले की पुन्हा गवत.

"बाई, माझी आईपण इथे यायची," वेणीतली काडी काढत एक मुलगी म्हणाली. "तुमच्याबरोबरच. तिला अजून बसची पाटी वाचता येत नाही, पण हे झाड बरोबर सांगितलं तिनं."

बाईंची झोप उडाली. इतकी लाज त्यांना कधीच वाटली नव्हती.

"उठा. शाळेत जायचंय."

"हेडसर ओरडतील ना?"

"मला ओरडतील. तुम्ही गवत झटका."

साहेब निघायच्या बेतात होते. मुलांची रांग फाटकातून आत येताना पाहून हेडसरांचा चेहरा पडला. "बाई, वर्षभराच्या कामावर पाणी फिरवाल," ते पुटपुटले.

"ही मुलं कुठली?" साहेबांनी विचारलं.

"आपलीच," बाई म्हणाल्या. "यांचाही वर्ग बघा. म्हणजे तपासायचं यांना नाही, आम्हाला."

वर्गातली बाकं सकाळीच सभागृहात गेली होती. मुलं फरशीवर बसली. साहेबांनी नेमकं त्याच मुलीला वाचायला सांगितलं. दुसऱ्याच शब्दाला ती अडली आणि तिनं सवयीनं बाईंकडे पाहिलं.

अडलेला शब्द बाई नेहमी हळूच सांगायच्या. आज त्या गप्प राहिल्या. जीव तुटत होता, तरी गप्प राहिल्या. ही शांतता आता शाळेनं ऐकायची होती.

हेडसर घड्याळ बघत राहिले. साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि ते मुलीशेजारी फरशीवर बसले.

"सावकाश," ते म्हणाले. "मला घाई नाही."

तिचं बोट पुढच्या अक्षरावर सरकलं. पाठीला एक गवताची काडी अजून चिकटलेली होती.