कोणाविरुद्ध तक्रार नाही

"मंग तू पोरेसले कसाले शिकाडस?" आबांनी विचारलं. टेबलफॅनची उघडी मोटर त्यांच्या मांडीवर होती आणि तांब्याची बारीक तार ओठांत धरलेली, त्यामुळे शब्द अर्धेमुर्धेच बाहेर येत होते.

दीपमाला ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. रविवार होता. सकाळच्या एसटीनं ती धुळ्याहून पाचोऱ्याला आली होती आणि दुपारी परत जाणार होती. धुळ्याच्या कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवायची. तिचे वडील बन्सीलाल गावाबाहेरच्या एका जिनमध्ये, कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, तीस वर्षांपासून वायरमन होते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून बापलेकीचा हा वाद चालत आला होता. तिचं म्हणणं असं, की मेंदूही अणूंचाच बनलेला, आणि अणू नियमाबाहेर जात नाहीत. तेव्हा आपण काही ठरवतो हा आपला समज. चहा घ्यायचा की नाही हेसुद्धा आपल्याला कळण्याआधीच ठरून गेलेलं असतं. मग शिकवतेस कशाला, हा आबांचा प्रश्न होता.

"तेही ठरलेलंच असेल," ती म्हणाली. वर्गात या उत्तरावर हमखास हशा पिकायचा.

आबा हसले नाहीत. त्यांनी तार तोंडातून काढली. "मना बापले बी लोके हाईच सांगेत. तुनं बठ्ठं मांगला जलममाच ठरेल शे, गावना भाईर ऱ्हाय. तेस्ना हातमा पोथी व्हती. तुना हातमा दुसरं पुस्तक शे. बस."

ते तिला झोंबलं. पोथी आणि प्रयोगशाळा एका दावणीला कशी बांधता, असं म्हणत तिनं एकामागून एक प्रयोग सांगितले. आबांकडे पुरावा एकच होता आणि तो ते दर वेळी काढायचे. तारेत वीज आहे की नाही हे बघायचं, तर जुना वायरमन उलटा हात लावतो. तळवा लावला तर मूठ आवळते, आणि आवळलेली मूठ मग सोडू म्हटलं तरी सुटत नाही.

"हातले आक्कल नही, हाई माले ठाऊक शे," आबा म्हणाले. "म्हनीसन मी आधीच ठरावस."

तिनं उरलेल्या शेंगा बाजूला सारल्या. एसटीची वेळ झाली, असं ती म्हणाली. आईनं शेंगांची पुरचुंडी बांधून दिली. आबांनी सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून तिला स्टँडवर सोडलं, खिडकीखाली उभं राहून पंखा पुढच्या रविवारी ने म्हणाले, आणि गाडी हलली तेव्हा ती मोबाइलमध्ये बघत होती.

सोमवारी सकाळी साडेअकराला आबा गेले.

सरकारी दवाखान्यात त्यांचा शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हातात दिला. खिसा जड लागला म्हणून तिनं चाचपला. आत चिनी मातीचे तीन फ्यूज होते.

आबांची रीत तिला लहानपणापासून ठाऊक होती. मोटर खोलण्याआधी पेटीतले तिन्ही फ्यूज काढायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. ते खिशात असेपर्यंत त्या मोटरला वीज मिळणार नाही. जिनमध्ये नवं आलेलं माणूससुद्धा पहिल्या दिवशी हे शिकायचं, की पेटी रिकामी दिसली म्हणजे बन्सीनाना कुठेतरी वर चढलेले आहेत, हात लावायचा नाही.

तिन्ही फ्यूज खिशात होते आणि तरीही वीज आली होती.

कशी आली ते तिसऱ्या दिवशी कुंदाबाईनं सांगितलं. कुंदाबाई जिनमध्ये झाडू मारायची. घरात बायका होत्या म्हणून तिनं दीपमालाला मागच्या मोरीपाशी नेलं. सरकी नेणारा पट्टा बंद पडला होता. नाना शिडीवर चढून त्याची मोटर बघत होते. फाटकापासून रस्त्यापर्यंत कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या, मालकाचे फोनवर फोन येत होते. सुपरवायझर प्रेमराजनं पेटी उघडली, रिकामी बघितली, आणि कपाटातून नवे फ्यूज काढून बसवले.

"आवाज दिधा तेन्ही," कुंदाबाई म्हणाली. "'नाना, व्हयनं का?' बाकीना मशिनी चालू व्हत्यात, वर काय आयकू जाई? तो इतलासा थांबना, माय." तिनं दोन बोटांत चिमूटभर जागा दाखवली. "आन मंग बटन दाबी दिधं."

ती चिमूटभर जागा दीपमालाला चैन पडू देईना. त्यानं आवाज दिला होता. म्हणजे वर माणूस आहे हे त्याला ठाऊक होतं. विजेचा तिला राग येत नव्हता. वाट मिळेल तिथून वीज जाते, तिला काय विचारायचं? शिडीचा राग येत नव्हता, मोटरचा येत नव्हता. प्रेमराजचा मात्र असा येत होता की दात दुखेपर्यंत ती ते आवळून बसत होती. आणि प्रेमराजही अणूंचाच होता. गाड्या, मालकाचे फोन, डोक्यातली रसायनं, बोट, बटन. फळ्यावर तिनं स्वतःच ही साखळी मुलांना आखून दिली असती, एकही कडी न वगळता, आणि खाली रेघ ओढली असती. त्या खडूचीच तिला किळस आली.

सातव्या दिवशी आबांच्या आठवणीसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. गल्लीत मांडव घातला होता. वंदना झाली, भंतेजींचं प्रवचन झालं. प्रेमराज पांढरा शर्ट घालून आला आणि आबांच्या फोटोसमोर उभा राहून खरोखर रडला. वीस वर्षं दोघांनी एका डब्यातून भाकरी खाल्ली होती. डोळे पुसून तो द्रौपदाबाईंजवळ, दीपमालाच्या आईजवळ, येऊन बसला आणि घडी केलेला एक कागद त्यानं तिच्या हातात दिला. पोलिसांत द्यायचा जबाब होता. लिहून आणला होता, सही तेवढी करायची होती.

आईनं तो दीपमालाकडे सरकवला. "तू वाच, आन सांग. सही करू का?"

मृताने स्वतःच्या निष्काळजीपणाने चालू विजेला हात लावला, असं त्यात होतं. खाली नेहमीचं वाक्य होतं. सदर मृत्यूबाबत आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही.

आबा आणि निष्काळजी. तिनं ती ओळ दोनदा वाचली.

तोवर प्रेमराजनं माइक घेतला होता. नाना भावापेक्षा जवळचे होते, पण ज्याची वेळ भरली त्याला कोण अडवणार, वरून लिहून आलेलं कोणाला टळलंय, असं तो बोलत होता. मांडवातल्या माना हलत होत्या. याच माणसांच्या आजोबांनी बौद्ध होताना घरातले देव नदीत सोडले होते, पत्रिका जाळल्या होत्या, नशीब हा शब्द तोंडातून काढून टाकला होता. पहिल्या रांगेतले लोटन गुरुजी, ज्यांनी तिला शाळेत विज्ञान शिकवलं होतं, तेही पुटपुटले, "खरंय, माणसाच्या हातात काय असतं?"

कागद आईच्या मांडीवर ठेवून दीपमाला उठली. कुणी बोलावलं नव्हतं. लेकीला दोन शब्द बोलायचे असतील असं समजून लोकांनी वाट दिली. प्रेमराजनंच माइक तिच्या हातात दिला.

कुंदाबाईचं नाव तिनं घेतलं नाही. आबांच्या खिशात तीन फ्यूज सापडले, ते उद्या पोलिसांकडे जातील आणि हा कागद सही न होता परत जाईल, एवढं तिनं सांगितलं. मग ती प्रेमराजकडे वळली.

"भाऊ, तुम्ही आवाज दिला होता. उत्तर आलं नव्हतं."

प्रेमराजचा चेहरा उतरला. कागद आईच्या मांडीवर होता, सहीसाठी काढलेलं पेन आईनं टोपण लावून खाली ठेवून दिलं.

"ताई, ते व्हनारंच व्हतं," प्रेमराज म्हणाला. "मना हातमा काय व्हतं?"

"बटन होतं," दीपमाला म्हणाली. "आणि ते दाबायच्या आधी वेळ होता. शिडीपर्यंत चालत जाऊन वर बघता आलं असतं, एवढा होता."

तिला आणखी बरंच बोलायचं होतं. चार दिवस तिनं ते मनात घोकलं होतं. पण ते सगळं सोडून ती माणसांकडे पाठ करून फोटोकडे वळली. तिचा आवाज कर्ण्यातून गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

"आबा, माले रविवारलेच पटेल व्हतं. मी सांगं नही. आते सांगस. तुमनं बरोबर व्हतं. माणूसले थांबता येस."