मुदत हुकली तेव्हा

केरी परगण्यातल्या समुद्राकाठच्या कुरणावरून गोबनेट आणि तिचा भाऊ फाख्ना वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होते. बोलणं केव्हाच बंद झालं होतं. खालच्या कोर्टात हरल्यावर तिनं अपील केलं, पण कागद मुदतीत गेले नाहीत आणि अपील फेटाळलं गेलं. त्याच सुमारास फाख्ना वारला. आता अपील पुन्हा सुरू करावं म्हणून ती डब्लिनच्या कोर्टात उभी होती आणि विरोधाला बॉस्टनहून आलेला त्याचा मुलगा कहल होता.

"मुदतीत का नाही आलात?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"इस्पितळात होते. भावाच्या उशाशी."

"कुठल्या भावाच्या?"

"मला एकच होता, बाई. ज्याच्याशी भांडत होते, तोच."

कहलनं चमकून वर पाहिलं. बापानं त्याला आजाराचा पत्ताच लागू दिला नव्हता.

अपील पुन्हा दाखल झालं. बाहेर जिन्यावर कहलनं तिला गाठलं.

"आत्या, बाबा माझ्याबद्दल काही बोलले का गं?"

फाख्ना बोलला होता. तिचा हात घट्ट धरून म्हणाला होता, "गोबी, अपील सोडू नकोस. पोरगा इथं राहायचा नाही, कुरण विकून मोकळा होईल."

"तुझी फार आठवण काढायचा," गोबनेट म्हणाली.

कहल तिथेच पायरीवर बसला आणि रडू लागला. तिला त्याच्या शेजारी बसवेना, आणि त्याला तसं सोडून जाववेना.