व्हाळापलीकडचा कागद

"कागद संपलो, बाई," गावकरांची विमला म्हणाली.

कार्मेलिनाबाईंनी पाहिलं, तर साऱ्या वर्गाचाच कागद एका जागी संपला होता, व्हाळाशी, गावाच्या कडेच्या ओढ्याशी. शाळेत नव्या महाराष्ट्राचा नकाशा आला, तेव्हा पोरांनी आपला गावही काढावा असं बाईंच्या मनात आलं. देऊळ आलं, विहिरी आल्या, गावकरांचे माड तर सगळ्यांनी हौसेनं काढले. व्हाळापलीकडची वाडी मात्र कुणाच्याच कागदावर मावली नाही. तिथं राहणाऱ्या शेवंतीच्याही नाही.

"शेवंती, तुझं घर कुठे गं?"

"आमचा घर गावात येणा नाय, बाई."

ती हे इतकं सरळ बोलली की बाईंना गलबलून आलं. त्यांनी सगळ्यांकडून मिळून एक मोठा नकाशा काढून घेतला आणि भाताच्या खळीनं त्याला खाली कागद जोडला. व्हाळाकाठची गावकरांची विहीर नेमकी जोडावर आली, ती विमलानं पुन्हा गिरवली.

"आता आपापली पाण्याची वाट काढा."

विमलाची वाट बोटभर. शेवंतीची रेघ जोडकागदावरून निघाली, दोन विहिरींना वळसा घालून पार डोंगराखालच्या झऱ्याला टेकली. विमला त्या रेघेवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवत राहिली.

शाळा सुटताना भाई गावकर लेकीला न्यायला आले. किरिस्ताव बाईला गावात कुणी जागा देईना, तेव्हा यांनीच आपली मागची खोली दिली होती. माणूस तसा वाईट नव्हता, पण नकाशा बघून त्यांचं तोंड कडू झालं.

"बाई, ह्यो खालचो तुकडो फाडून टाका."

बाईंना आधी खोली आठवली. खोली गेली तर राहायचं कुठे? तरी त्या म्हणाल्या, "मी नाही फाडणार, भाई. तुम्हीच फाडा."

भाईंनी हात घातला.

"बाबा," विमला विहिरीवर बोट ठेवून म्हणाली, "जोड आपल्याच बावीर इलो. तुकडो फाडलो तर आपली बाव पण फाटतली."

हात तिथंच थांबला. जाताना भाई दारातून एवढंच म्हणाले, "शिमग्याक पावणे येतले. खोली आमका लागतली."

शेवंतीच्या बापानं आपल्या पडवीला कुडाच्या भिंतीचा आडोसा करून ती बाईंना दिली. बाईंची ट्रंक तिकडे गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी विमला पेन्सिल घेऊन नकाशापुढे उभी राहिली.

"बाई, तुमचा घर आता खंय काढू?"

"व्हाळापलीकडे," बाई हसल्या. "कागद आहे की आता."

विमलानं शेवंतीच्या घराला लागून घर काढलं. मग कुणी न सांगता तिथून आपल्या विहिरीपर्यंत एक वाट काढली.