थरथरणारी रेघ

मुंबईबाहेरच्या किनाऱ्यावरच्या डोंगरी गावचा एडविन मुंबईतल्या एका जाहिरातपटांच्या स्टुडिओत अकरा वर्षं कार्टूनची चित्रं काढत होता. पडद्यावर साबणाची वडी नाचायची, अस्वल दात घासायचं, त्यातली निम्मी चित्रं त्याच्या हातची. एका सेकंदाला चोवीस चित्रं, आणि सगळ्यांत रेघ तीच. ती केसभर सरकली तरी पडद्यावर आकृती थरथरते. एडविनची रेघ सरकत नसे, म्हणून स्टुडिओत त्याला मान होता.

१९६९ साली त्याचा उजवा हात थरथर कापायला लागला. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, हळूहळू वाढेल. दोन महिने त्याने ते लपवलं. मग एक अख्खा सीन फुकट गेला. स्टुडिओच्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला.

"एडविन, थोडे दिवस घरी विश्रांती घे," ते म्हणाले. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही.

घरी त्याची मोठी बहीण होती, एडना. नवरा वारल्यापासून ती सुकी मासळी विकायची. भाऊ पंधरा दिवस खिडकीपाशी नुसता बसून आहे, हे ती बघत होती. एका दुपारी ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"एडू, अकरा वरसं तू काय काम केलंस, मी कदी बगलंच न्हाय. मना दाखव."

"बाय, त्याला थेटरात जायला लागतं. घरात कसं दाखवू?"

"घरात दाखवायची काय रीतच न्हाय?"

रीत होती. सिनेमा निघायच्या आधीपासूनची. एडविनने बिस्किटांचा गोल डबा घेतला, वरच्या अर्ध्या भागात सारख्या अंतरावर बारा उभ्या फटी पाडल्या, बाहेरून काळा रंग दिला आणि डबा फिरेल असा लाकडात ठोकलेल्या खिळ्यावर बसवला. आत बारा चित्रांची कागदाची पट्टी लावायची, डबा फिरवायचा आणि फटींतून समोरच्या चित्रांकडे बघायचं.

पट्टीवरची चित्रं काढताना मात्र त्याचा जीव मेटाकुटीला आला. आधी चालणारं मांजर काढलं, ते फाडलं. मग खिडकीबाहेर वाळत टाकलेले बोंबील दिसत होते, तेच काढले. बाराही चित्रांत रेघ वेगवेगळीकडे गेली होती. त्याने पट्टी लाजतच डब्यात घातली.

एडनाने फटीला डोळा लावला. डबा थांबला तसा तिने स्वतःच परत फिरवला.

"वारा सुटलाय," ती म्हणाली.

"तो वारा नाय, बाय. माझा हात कापतोय."

"मी रोज बोंबील सुकवते. वारा मना कलतो."

एडविनने बघितलं. बोंबील खरोखर हलत होते. नुसते झुलत नव्हते, त्यांच्या कडा, दोऱ्या, मागचं आभाळ, सगळं जिवंत असल्यासारखं सळसळत होतं. तो बराच वेळ डबा फिरवत राहिला. पण एडनाने साहेबांना दाखवायला चल म्हटल्यावर उठून आत गेला.

दुसऱ्या दिवशी एडना मासळीच्या टोपलीत तो डबा ठेवून एकटीच मुंबईला गेली. स्टुडिओच्या दारात शिपायाने अडवलं. ती तिथेच टोपली घेऊन बसली आणि साहेब जेवायला बाहेर पडले तेव्हा त्यांच्यापुढे डबा धरला.

"हे एडविनने केलंय. बगा आन् मग काय ते सांगा."

साहेबांनी उभ्या उभ्याच बघितलं. मग तिला आत नेऊन बसवलं.

"खरं सांगतो, साबणाच्या जाहिरातीला ही रेघ चालणार नाही," ते म्हणाले. "तिथे गिऱ्हाइकाला सगळं गुळगुळीत लागतं. पण वादळाच्या इशाऱ्यावर एक फिल्म करतोय. त्यातला समुद्र आमच्या पोरांना जमत नाहीये. अगदी काचेसारखा दिसतोय. एडविन करेल?"

"घरी बसून करंल," एडना म्हणाली.

महिन्याभरात एडविनने समुद्राची साडेतीनशे चित्रं काढली. हात फार कापला की थांबायचा, पेज प्यायचा, परत बसायचा. फिल्ममधली माणसं आणि होड्या दुसऱ्यांनी काढल्या, त्यांच्या रेघा नीट, स्वच्छ होत्या. त्यांच्याखालचं पाणी एडविनचं होतं आणि ते क्षणभर स्वस्थ नव्हतं. पुढे पाणी, धूर, झाडं, जाळ असं काही आलं की स्टुडिओतून डोंगरीला निरोप यायचा. एका तरुण चित्रकाराने मुद्दाम हात हलवून तशी रेघ काढून पाहिली, पण ती नुसतीच वाकडी दिसली.

हे पाच वर्षं चाललं. मग पेन्सिलच हातात टिकेनाशी झाली. शेवटचं काम त्याने अर्ध्यावर सोडलं आणि ते परत द्यायला स्वतः गेला, कारण साहेबांना ते तोंडाने सांगावं असं त्याला वाटत होतं.

"वाईट वाटतंय?" साहेबांनी विचारलं.

"वाटतंय," एडविन म्हणाला. "पण त्या वेळेला तुम्ही पाठवलंत म्हणून मी घरी गेलो होतो ना साहेब, तसा आज जात नाय."