सरकारांचा भाऊबंद

टोपीवाल्या बाईंच्या नवऱ्याला दोन गोष्टींचा अभिमान होता. एक म्हणजे त्याची ससाणी, आणि दुसरी म्हणजे आजवर त्यानं एकाही नातेवाइकाला दारातून परत पाठवलं नव्हतं. पहिला अभिमान विमानतळाच्या खर्चानं चालायचा, दुसरा बाईंच्या कष्टानं.

नवरा विमानतळावर ससाणेवाला होता. धावपट्टीवर पक्ष्यांचे थवे उतरतात, एखादा इंजिनात गेला की भलतंच होऊन बसतं. ससाणीनं वर नुसती एक घिरटी घातली तरी खालचं मैदान रिकामं व्हायचं. नवरा तिला ‘सरकार’ म्हणायचा आणि तिच्याविषयी बोलताना अहो-जाहो सोडायचा नाही. कामावरून आला की आधी सांगायचा, “सरकार आज पोटभर जेवल्या.” बाई जेवल्या का, ते विचारायचं बहुधा राहून जायचं. बाई शिवणकाम करायच्या. ससाण्याला शांत ठेवायला त्याच्या डोळ्यांवर चामड्याची इवलीशी टोपी चढवतात. ती बाईंसारखी कुणाला जमत नसे, म्हणून त्या टोपीवाल्या बाई.

बाईंचा स्वतःचा म्हणून एक पोपट होता. एका गिऱ्हाइकानं शर्टासोबत आणून दिला तेव्हा त्याचा पंख मोडलेला होता. पंख जुळला, उडणं मात्र गेलं ते गेलंच. दिवसभर तो मशीनच्या कडेला बसून दोऱ्याची रिळं कुरतडायचा आणि कुठल्याही बोलण्यात मधे तोंड घालायचा. म्हणून तो वकील.

विमानतळावरच्या पक्षीघराचं छप्पर दुरुस्तीला काढलं आणि सरकार मुक्कामाला घरी आल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचा खांब रोवला गेला. वकील मशीनवर, सरकार खिडकीत. थोडे दिवस एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं करण्यात गेले. मग वकिलानं शिट्टी उचलली.

नवरा सरकारांना खायला बोलवायचा तीच शिट्टी, एक लांब आणि दोन तोकड्या. वकील ती हुबेहूब मारायचा, दिवसभर, मन लावून. प्रत्येक वेळी सरकार पंख फडकवून सरसावायच्या, आणि समोर मांसाचा तुकडा नाही, नुसता हिरवा पोपट. आठवड्याभरात त्यांनी खऱ्या शिट्टीलाही मान वळवायचं सोडून दिलं. आणि शिट्टीला न येणारी ससाणी म्हणजे एकदा हवेत सोडली की गेलीच.

“वकील जाणार,” नवरा म्हणाला. “कोपऱ्यावरचा चष्मेवाला कधीपासून मागतोय. रविवारी येऊन घेऊन जाईल.”

बाईंनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. भांडायचं तर नवऱ्याची काहीतरी चूक लागते. इथं ती शोधूनही सापडेना, आणि तेच जास्त लागलं. त्यांनी वकिलासाठी एक रीळ बाजूला काढून ठेवलं, जाताना सोबत द्यायला.

त्याच आठवड्यात लेक जेवायला आली. ती एका संशोधन संस्थेत होती. पक्ष्यांच्या रक्ताचे थेंब, पिसांची मुळं गोळा करायची, त्यातला डीएनए वाचायचा आणि कोण कुणाचा किती लांबचा भाऊ, कोणती शाखा कधी फुटली, याची वंशावळ लावायची, हे तिचं काम. सरकारांचा थेंब बाबांनी मागेच मोठ्या थाटात दिला होता. गरुडाच्या शेजारी आपलं घराणं लागणार म्हणून विमानतळावर आधीच सांगून झालं होतं.

“बाबा, तुमच्या सरकारांचा निकाल आलाय,” लेक म्हणाली. “पण आधी जेवून घ्या.”

“जेवताना सांग. घास गोड लागेल.”

“गरुड आणि घारी त्यांच्या कुणी नव्हेत. म्हणजे आहेत, पण फार लांबचे. सगळ्यात जवळचे निघाले पोपट.”

नवऱ्याचा हात ताटातच राहिला. बाहेरच्या खोलीतून वकिलानं नेमकी तेव्हाच शिट्टी मारली.

“तुझ्या डोळ्यांची बटणं झालीत का?” नवरा म्हणाला. “ती चोच बघ, ती नखं बघ. शिकारी पक्षी आहे तो.”

“खाटकाच्या हातात सुरी असते, सर्जनच्याही असते. म्हणून ते सख्खे भाऊ होतात का? धंदा सारखा म्हणून हत्यारं सारखी. नातं आत बघावं लागतं.” मग ती आईकडे वळली. “आई, तुझ्या कागदी फर्म्यात कात्री चुकली आणि बाहीला भलतीकडेच खाच पडली, तर?”

“तर त्या फर्म्यावरून कापलेल्या प्रत्येक शर्टाला तिथंच खाच येणार,” बाई म्हणाल्या.

“डीएनएचंही तेच. कधीकाळी एका पूर्वजाच्या फर्म्यात एक तुकडा भलत्याच जागी घुसला. ससाण्यात तो तुकडा तिथंच सापडतो, पोपटातही तिथंच. गरुडात नाही. आणि असे तुकडे एकदोन नाहीत. कपडे वेगवेगळे शिवले गेले, पण फर्मा एक.”

बाईंना हे इतकं पटलं की त्यांनी लेकीला न विचारता अजून वाढलं. नवरा मात्र खुर्ची सरकवून उठला.

“भेसळ आहे ही. सरकारांची टोपी कोण शिवतं? तुझी आई. मांडीवर कोण बसतं? तो वकील. त्याची पिसं टोपीत, टोपी सरकारांच्या डोक्यावर, आणि ते सगळं तुझ्या नळीत. निकाल पोपटाचाच येणार, दुसरा कुणाचा येणार?”

भेसळीची शंका काढणं चूक नव्हतं, हे लेकीला मान्य होतं. तिच्या साहेबांनीही पहिल्यांदा हेच विचारलं असतं. “मग पुन्हा करू,” ती म्हणाली. “तुमच्या देखरेखीत.”

पुन्हा करायच्या दिवशी नवऱ्यानं घर असं धुऊन काढलं की बाईंना लग्नानंतर पहिल्यांदा स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटलं. वकिलाला आणि त्यांना शेजारी पाठवण्यात आलं. नवऱ्यानं स्वतः अंघोळ केली, नवे हातमोजे घातले, लेकीचे केस टोपीखाली कोंबायला लावले, आणि सरकारांना असं धरलं की बघणाऱ्याला वाटावं तान्हं बाळ टोचायला नेलंय. निकालाला महिना लागणार होता. चष्मेवाला पिंजरा घेऊन आला, त्याला नवऱ्यानं परत पाठवलं.

“खटला चालू असताना आरोपीला बाहेर सोडत नाहीत,” तो म्हणाला.

तोवर सरकारांचं जेवण आतल्या खोलीत, दार लावून, आणि वकील बाहेर. त्या महिन्यात बाईंना एक गंमत दिसायला लागली. संध्याकाळी नवरा मशीनजवळ स्टूल घेऊन बसायचा. वर्तमानपत्र उघडं, पण डोळे वकिलावर.

“हा पायात धरून खातो,” एकदा तो म्हणाला.

“जन्मापासून खातो.”

“आणि जोर सगळा चोचीत.” मग त्यानं खिडकीतल्या सरकारांकडे बघितलं. “बहिरी, लगड, हे सगळे ससाणे मान चोचीनं मोडतात. शिकरा, घार, गरुड पायानं आवळतात. आमच्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.” वर्तमानपत्राचं पान उलटलं, उलटंच. “घार घरटं बांधते. सरकार कधी काडीला चोच लावणार नाहीत. हा बांधतो का?”

“पोपट ढोलीत राहतात. बांधायची अक्कल कुठली?”

“अक्कल काढू नकोस,” नवरा म्हणाला, आणि मग आपण कुणाची बाजू घेतली हे लक्षात येऊन पाणी प्यायला उठला.

बाईंनी हसू ओठांतल्या टाचणीआड लपवलं. पण भेसळ खरी निघाली तर? लेकीचं नाक कापलं जाणार आणि वकील चष्म्यांच्या दुकानात बसणार, दोन्ही एकाच दिवशी.

लेक रविवारी सकाळी आली. बाईंनी तिच्या चपला काढायच्या घाईवरूनच ओळखलं.

“तोच निकाल,” लेक म्हणाली. “थेंब स्वच्छ होता, बाबा. आतापर्यंत आमच्याकडे आलेल्यांत सगळ्यात स्वच्छ.”

नवरा खिडकीशी गेला. सरकारांकडे बघितलं, वळून वकिलाकडे बघितलं. “किती जुनं नातं म्हणालीस?”

“कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले.”

“वेगळे झाले, तुटले नाहीत ना? माझ्या मामेभावाचा मेव्हणाही तेवढाच लांबचा आहे. महिनाभर राहून गेला.” मग त्यानं जरा भीतभीतच विचारलं, “या घराण्यात अजून कोणकोण आहे? एकदाच सांगून टाक.”

“पोपटांना लागून सगळे गाणारे पक्षी. चिमण्या, साळुंक्या, कावळे.”

नवरा मटकन स्टुलावर बसला. “म्हणजे धावपट्टीवरून मी आजवर नातेवाईकच हाकलत आलो?”

“त्यात काय बिघडलं?” बाई म्हणाल्या. “या घरात कुणीतरी हाकलायला नको का?”

यावर आधी लेक हसली, मग नवरा हसला, आणि मग वकील, कारण त्याला हसणंही येत होतं. त्या गोंधळात चष्मेवाल्यानं बेल वाजवली. नवरा दारात गेला, त्याला आत बोलावलं, चहा दिला, वंशावळीची सगळी हकीकत सुरुवातीपासून ऐकवली, आणि रिकामा पिंजरा स्वतः त्याच्या हातात देऊन फाटकापर्यंत सोडून आला.

पण शिट्टीचा प्रश्न तसाच होता. नाती जुळली म्हणून वकील गप्प बसणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्या दिवशी बाई मशीनवर बसल्या, तर न्हाणीघराचं दार आतून लावलेलं आणि नळ धो धो सोडलेला. पाण्याच्या आवाजाआडून काहीतरी ऐकू येत होतं, फसत, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून. दोन तोकड्या, एक लांब आणि शेवटी एक गिरकी. आयुष्यभर एकच शिट्टी मारलेला माणूस वकिलापासून चोरून दुसरी शिकत होता.

वकिलानं मान तिरकी केली आणि न्हाणीघराकडे कान लावला.

बाईंनी पायडलवर पाय ठेवला आणि मशीन भरधाव सोडलं, खडखडाटानं खिडकीची तावदानं थरथरेपर्यंत. सुईखाली कापड नव्हतं.